शून्य ते दहा

अंशताईला या सगळ्यातून काय मिळायचं होतं ते आधीच सांगून टाकू, म्हणजे पुढे उगाच कोणी तिच्यावर उदात्तपणाचा आळ घ्यायला नको. तिला मिळायची होती एक खुर्ची. खुर्ची तिच्याकडे होती, पण ती दर अकरा महिन्यांनी काढून घेतली जायची. मग पत्र, अर्ज, तीन सह्या असं सगळं होऊन पुन्हा अकरा महिन्यांपुरती तिच्याखाली सरकवली जायची. असं चार वेळा झालं होतं. पाचव्या खेपेला ती कायमची मिळेल, असं लॅबप्रमुख सरांनी तोंडी सांगितलं होतं. अट एकच, समितीपुढे रिसीव्हर चालला पाहिजे. खुर्चीबरोबर खिडकीजवळचं टेबल मिळणार होतं. आणि सगळ्यात मोठी मिळकत अशी की, आई दर रविवारी फोनवर "काय गं, झालीस का कायम?" असं विचारायची, ते एकदाचं थांबणार होतं.

अंशताई हे नाव तिला लॅबने दिलेलं. एकेका अंशासाठी ती भांडायची म्हणून. तिच्या कामाचा पेचच तसा होता. छतावरचा निळा दिवा इतक्या झपाट्याने उघडझाप करतो की माणसाच्या डोळ्याला तो नुसता चालू दिसतो, आणि त्या उघडझापीतून मजकूर जातो, चित्रं जातात, आख्खा सिनेमा जातो. टेबलावरच्या रिसीव्हरने तो झेलायचा. आता झेलणारा डोळा चपळ हवा तर तो मसुराच्या दाण्याएवढाच असावा लागतो, आणि तेवढ्याशा डोळ्यात उजेड तो किती पडणार? समोर भिंग बसवलं तर उजेड मिळतो, पण मग नाकासमोरचंच दिसतं. माणूस टेबलावरून उठून सोफ्यावर बसला की निरोप तुटला.

याच्यावर लॅबमध्ये दोघांनी दोन तोडगे काढले होते. लेन्सवाल्याने सदतीस बारकी भिंगं अर्धगोलावर जडवली होती, प्रत्येकाची नजर वेगळ्या दिशेला. दिसायला माशीच्या डोक्यासारखं, वजनाला डंबेलसारखं. अंशताईने भिंगाला सुट्टीच दिली होती. तिची होती नारिंगी रंग मिसळलेल्या प्लास्टिकची एक प्लेट, दहा सेंटिमीटर लांब, तीन रुंद. निळा उजेड कुठूनही येवो, प्लेटमधला रंग तो पितो आणि आतल्या आत नारिंगी उजेड सोडतो. तो घरंगळत कडेला येतो, आणि कडेला मसुराएवढा डोळा वाट बघत बसलेला असतो. दोन्ही बाजूंना साठ-साठ अंश हवे होते, ते तिला मिळाले होते. अडत होतं वेगावर. दिवा विझला तरी प्लेटमधला रंग क्षणभर तेवत राहायचा, आणि तेवढ्यात पुढचं अक्षर येऊन आधीच्यावर चढायचं. समितीला सेकंदाला पाचशे मेगाबिट हवे होते. प्लेट दोनशे साठला धापा टाकायची.

खुर्ची एकच होती, आणि लेन्सवालाही अकरा महिन्यांवालाच होता. एवढं लक्षात ठेवलं म्हणजे पुरे.

समितीला सात आठवडे उरले होते, तेव्हा चार नंबरची प्लेट पॉलिशकाकांकडून परत आली. काका वर्कशॉपमधले. एकतीस वर्षं नोकरी झालेली, दहा महिने उरलेले. प्लास्टिक, काच, पितळ, ज्याची म्हणून कड असेल ती काकांच्या हाताखालून आरसा होऊन बाहेर पडायची. प्लेटची कड धुरकट झाली होती म्हणून अंशताईने ती पाठवली होती. आली तशी तिने दिव्याखाली लावली आणि पडद्यावर आकडा आला, पाचशे दहा.

तिने केबल बदलली. पाचशे दहा. डोळा बदलला, दिवा बदलला, खोलीतले पडदे ओढले. पाचशे आठ, पाचशे अकरा. तीन नंबरची प्लेट लावली, दोनशे साठ. परत चार नंबर, पाचशे दहा. आनंदाने उडी मारावी असं तिला वाटलं असतं, पण दुसरा आकडा मधे आला. चार नंबरच्या कडेतून येणारा उजेड पहिल्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी भरत होता.

"उजेड कमी आणि वेग जास्त?" लेन्सवाला तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला. "म्हणजे तुझी प्लेट उपाशी राहून पळायला लागली."

"तू तुझ्या माशीकडे बघ."

"बघतोय की. माझी माशी खाते तेवढंच पळते. तिच्यात काही गूढ नाही."

गूढ हा शब्द त्याने चिडवायला वापरला होता, पण तो तिच्या डोक्यात जाऊन बसला. ती तडक वर्कशॉपमध्ये गेली.

"काका, चार नंबरला काय केलंत?"

"पॉलिश केलं."

"आणखी?"

"आणखी काय करणार ताई? तुम्ही पॉलिश सांगितलं, मी पॉलिश केलं."

"कशाने?"

"हाताने." काकांनी हात दाखवले. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

"पेस्ट कोणती? कापड कोणतं? किती दिवस इथे होती? कुठे ठेवली होती?"

"आठवडाभर होती. तिथे होती, खिडकीत."

"उन्हात?"

काका जरा थांबले. बुडत्या माणसाकडे कोणी दोर फेकावा आणि फेकणाऱ्यालाच त्याचा पत्ता नसावा, तसं ते थांबणं होतं. मग म्हणाले, "हो. चांगलं कडकडीत ऊन लागलं तिला."

अंशताईने हे वाक्य वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. शिकलेल्या माणसाची गंमत अशी की, एखादी गोष्ट कळली नाही तर त्याला झोप येत नाही, पण तिला नाव दिलं की लगेच डोळा लागतो. तिने नाव दिलं, उष्णतेने आलेली चपळाई. सरांना ते फार घरगुती वाटलं. त्यांनी केलं, 'नियंत्रित वार्धक्य'. प्लेट ठरावीक उष्णतेत म्हातारी केली की उजेडाला मंद होते पण वेगाला चलाख होते, असा सिद्धांत. सर तेव्हा पन्नाशी ओलांडून पुढे गेले होते, त्यांना तो मनापासून पटला. त्यांनी समितीला टिपण पाठवलं, त्यावर पहिलं नाव स्वतःचं घातलं, ज्येष्ठतेनुसार.

मग अंशताईने कपाटातल्या उरलेल्या अकरा चांगल्या प्लेटा भट्टीत घातल्या. ऐंशी अंशांवर तीन दिवस, पाच दिवस, सात दिवस. तीन प्लेटा वाकून होडीसारख्या झाल्या. चार होत्या त्याहून संथ झाल्या. दोन होत्या तशाच राहिल्या. आणि दोन चिमूटभर सुधारल्या, दोनशे साठच्या दोनशे सत्तर झाल्या. या दोन तिने आलेखावर ठळक ठिपक्यांनी काढल्या. बाकीच्यांचा दोष भट्टीला दिला.

"दोन म्हणजे सुरुवात आहे," सर म्हणाले.

"अकरा म्हणजे शेवट आहे," लेन्सवाला हळूच म्हणाला, कारण कपाट आता रिकामं होतं आणि नवीन प्लेटा यायला चार महिने लागायचे.

रात्री अंथरुणावर पडल्यावर आकडे तिच्याशी वाद घालायचे. उजेड कमी तर वेग कमी हवा. उष्णतेने रंग मरतो, तर मग उरलेला रंग पळेल कशाला? रोज एक नवं कारण सापडायचं आणि रोज ते आदल्या दिवशीच्या कारणाला खोटं पाडायचं. वहीची शेवटची पानं प्रश्नचिन्हांनी भरली. पुसायचं रबर संपलं.

समितीला सहा दिवस उरले तेव्हा ती पॉलिशकाकांच्या घरी गेली, पण प्लेटसाठी नाही, कोटासाठी. समितीपुढे घालायला तिने बहिणीचा कोट आणला होता आणि त्याच्या बाह्या पाच सेंटिमीटर लांब होत्या. काकांच्या बायकोचं शिवणाचं दुकान घरातच होतं. पुढच्या खोलीत मशीन, दोरीवर चिठ्ठ्या लावलेले कपडे, कोपऱ्यात मुंडकं नसलेला एक पुतळा. सगळी लॅब काकूंकडे यायची आणि सगळ्या लॅबची मापं त्यांच्या वहीत होती.

"तुमच्या सरांची कंबर दर वर्षी दोनने वाढते," काकू टाचण्या दातांत धरून म्हणाल्या. "आणि तू दर वर्षी दोनने कमी होतेस. तुमच्या ऑफिसात एकच डबा आहे की काय दोघांत?"

कोट तिच्या अंगावर चढवून काकूंनी डाव्या बाहीला पट्टी लावली. "पाच. पाच म्हणजे पंधरा." आणि खडूने खूण केली.

"काकू, पाच म्हणजे पाच ना?"

"अगं, पाच म्हणजे पाचच. पण माझी पट्टी दहापासून सुरू होते." काकूंनी पट्टी तिच्या नाकासमोर धरली. "बघ. शून्यापासून दहापर्यंतचा तुकडाच गेला. ह्यांनी दारात चिरडली. म्हणाले, टोक फुटलंय, नीट कापून आणतो. आणली कापून. दीड महिना झाला, प्रत्येक मापात दहा मिळवतेय. दवाखान्याच्या पडद्यांना मिळवायला विसरले, तर सोळा पडदे जमिनीवर लोळत होते. सगळे उसवून पुन्हा शिवले. ह्यांना म्हटलं नवीन आणा, तर रोज विसरतात. शेवटी मीच म्हटलं, राहू दे. नवीन घेतली तर हात बिचकतो. ही बावीस वर्षं माझ्या हातात आहे."

अंशताई ऐकत नव्हती. खिडकीतून आलेला उजेड पट्टीवर पडला होता आणि पट्टीच्या कडा पेटल्यासारख्या दिसत होत्या. नारिंगी. तीन सेंटिमीटर रुंद.

तिने पट्टी हातात घेऊन कापलेलं टोक बघितलं. बाकीच्या तिन्ही कडा बावीस वर्षांच्या वापराने ओरखडलेल्या होत्या. कापलेली कड मात्र इतकी गुळगुळीत होती की तिला तिच्यात स्वतःची भुवई दिसली. शिवणाच्या पट्टीची कड आरशासारखी कोण घासतं? ज्याला घासल्याशिवाय कड हातावेगळी करताच येत नाही असा माणूस घासतो. चोरी लपवायला बसलेला माणूससुद्धा सवयीपुढे हरतो.

"टोचली का गं टाचणी?" काकूंनी विचारलं. "अशी काय बघतेस?"

"नाही. उजवी बाही नंतर करू," ती म्हणाली आणि कोट तिथेच टाकून निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉप उघडायच्या आधी ती दारात उभी होती. काकांनी तिला पाहिलं, मग तिच्या हातातली प्लेट पाहिली, आणि कुलूप काढता काढताच म्हणाले, "कळलं वाटतं."

"काकूंची पट्टी."

"व्हाइसच्या जबड्यात आवळताना चार नंबर फुटली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. करकचून आवळलं गेलं, बस्स." काकांनी दिवा लावला. "नवी प्लेट यायला चार महिने. तुमच्या हातात सात आठवडे. म्हटलं रंग तोच, जाडी तीच. आकडे घासून काढले, कडा घासल्या. म्हटलं, थोडं कमी भरलं तर भरू दे, समितीपुढे उभं राहायला काहीतरी हातात असेल. कमी भरेल याची तयारी होती ताई. दुप्पट भरलं तेव्हा मी घाबरलो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही ऊन म्हणालात. मी हो म्हटलं. आणि मग तुमचे कागद निघाले, सरांचे कागद निघाले, भट्टी पेटली. कुठल्या तोंडाने सांगू?"

अंशताईला ओरडायचं होतं, पण ओरडायला नेमकी सुरुवात कुठून करावी ते ठरेना. या माणसाने तिची प्लेट फोडली होती, तिला फसवलं होतं, आणि तिला आजवर मिळालेली एकमेव चांगली गोष्टही यानेच दिली होती. हे तिघे वेगवेगळे असते तर तिघांशी तीन तऱ्हेने वागता आलं असतं.

"पण मग ती चालते कशी?" शेवटी तिने एवढंच विचारलं.

"ते मला काय माहीत? मी पॉलिशवाला. शिकलेल्या तुम्ही."

दुपारपर्यंत ती गावातली सगळी स्टेशनरीची दुकानं फिरली आणि नारिंगी पारदर्शक पट्ट्या मिळतील तेवढ्या घेऊन आली. चौदा मिळाल्या. काकांनी मुकाट्याने चौदा तुकडे कापले, घासले. अंशताईने एकेक दिव्याखाली लावला. दोनशे दहा, दोनशे चाळीस, एकशे नव्वद. एकही तीनशेला पोचली नाही.

"आता?" काका म्हणाले.

"आता मला काही म्हणजे काहीच कळत नाहीये," अंशताई म्हणाली. हे वाक्य तिने लॅबमध्ये यापूर्वी कधी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. बोलून झाल्यावर मात्र तिला विचित्र हलकं वाटलं.

ती सरांकडे गेली. सरांनी सगळं ऐकून घेतलं, मधे फक्त एकदा चष्मा पुसला.

"रिसीव्हर चालतोय ना?"

"चालतोय सर. पण ती पट्टी आहे."

"पट्टी म्हणजे काय? प्लास्टिकच ना? समितीला प्लास्टिक दिसेल, पाचशे दिसतील. सिद्धांत कागदावर आहेच."

"सर, सिद्धांत खोटा आहे. ते दोनशे प्लेटा मागवून भाजत बसतील."

"भाजू द्या. चूक बाहेर निघायला वर्ष जाईल. तोवर तुम्ही कायम असाल." सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "हे बघा, मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाहीये. विचारलं तर सांगा. विचारलं नाही तर कशाला सांगता?"

सल्ला वाईट नव्हता. तसं वागून निवृत्त झालेली कितीतरी माणसं असतात आणि त्यांना झोपही छान लागते. पण अंशताईची अडचण नीतीची कमी आणि खाजेची जास्त होती. तिला कळत नव्हतं, आणि कळत नसलेली वस्तू हातात धरून साठ अंश डावीकडे, साठ अंश उजवीकडे करून दाखवायची, हे तिला जमेना.

समितीच्या आदल्या दिवशी दुपारी ती पुन्हा काकूंकडे गेली. या वेळी काका बरोबर होते आणि दोन पावलं मागे चालत होते.

काकूंनी सगळं ऐकलं. मग मशीनवरचा पाय काढून नवऱ्याकडे वळल्या. "अहो, दारात चिरडली म्हणालात ना? मी दीड महिना त्या दाराला वंगण घालतेय, पुन्हा काही चिरडायला नको म्हणून!"

"अगं, तेव्हा सुचलं ते बोललो."

"घरी एक खोटं, कामावर एक खोटं. निदान एकच खोटं दोन्हीकडे चालवायचं, लक्षात तरी राहतं."

"काकू," अंशताई मधे पडली, "ही पट्टी तुम्ही घेतलीत कुठे? बाकीच्या चौदांत आणि हिच्यात काय फरक आहे?"

"फरक? ती मुळातच बिघडलेली होती. शिवणाच्या वर्गात सगळ्यांना वाटल्या, ही शेवटी उरली. कोणी घेईना. रंग फार पडला होता तिच्यात, गडद. आता झिजून झिजून बऱ्यापैकी दिसते. बाईंनी विचारलं कोणाला हवी, मी म्हटलं द्या, माप तर बरोबर आहे ना."

अंशताई तिथल्याच एका स्टुलावर बसली. रंग फार पडला होता. रंगाचे कण दाटीवाटीने बसले की एकमेकांचा उजेड गिळतात. म्हणून उजेड कमी. आणि गिळतात म्हणूनच तेवत राहायला कोणी शिल्लक राहत नाही. दिवा विझला की तेही लगेच विझतात. म्हणून वेग जास्त. पट्टीच्या कारखान्यात बावीस वर्षांपूर्वी कोणाचा तरी हात घसरला होता आणि एक डबा जास्त ओतला गेला होता. सगळं बसत होतं. पण सगळं बसल्याचा अनुभव तिला महिन्याभरात नऊ वेळा आला होता, त्यामुळे तिचा आता स्वतःवर भरवसा राहिला नव्हता.

"काकू, मला दोन सेंटिमीटर हवेत. विरघळवून रंग मोजायचाय. त्याशिवाय मी खात्रीने काही बोलू शकत नाही."

"म्हणजे आता बारापासून सुरू होणार?"

"हो."

काकूंनी पट्टीच्या कापलेल्या टोकावरून बोट फिरवलं. "देते. पण एक अट आहे. उद्या त्या तुमच्या लोकांपुढे सांगायचं, ही कोणाची आहे ते. वर्कशॉपची नाही, ऑफिसची नाही. माझी."

"काकू, तसं सांगितलं तर काकांचं सगळं उघड होईल."

दोघींनी काकांकडे पाहिलं. काका दाराच्या बिजागरीला बोट लावून वंगण किती आहे ते बघत होते. "सांगा ताई," ते म्हणाले. "आठ महिने उरलेत. तेवढ्यात काय फाशी देतील?"

त्यांनी तिथेच करवतीने दोन सेंटिमीटर कापले, आणि उरलेल्या पट्टीची कड खिशातल्या कापडाने घासायला घेतली. काकूंनी ती हातातून ओढून घेतली. "पुरे. उजवी बाही राहिलीय हिची."

शेजारच्या इमारतीतल्या केमिस्ट्रीवाल्यांनी संध्याकाळी आकडा दिला. कंपनीच्या प्लेटपेक्षा तिप्पट रंग.

समितीत तिघे होते. दोन पुरुष, त्यातला एक सतत घड्याळ बघणारा, आणि मधे पिकल्या केसांची एक बाई, जिने अजून एक शब्द उच्चारला नव्हता. सर प्रस्तावना करून बसले. अंशताईने रिसीव्हर हातात धरला, छतावरचा दिवा लावला, आणि भिंतीवरच्या पडद्यावर घोडे धावायला लागले. तिने हात साठ अंश डावीकडे वळवला, घोडे धावत होते. साठ अंश उजवीकडे, धावत होते. घड्याळवाल्याने घड्याळ बघायचं सोडलं. त्याच्या आधी लेन्सवाल्याची माशी एकशे वीस अंशांत दोनदा अडखळली होती, आणि तो मागच्या रांगेत बसून छताकडे बघत होता.

"सुंदर," पिकल्या केसांच्या बाई म्हणाल्या. "दुसरी प्लेट भाजून हेच मिळालं का?"

"प्राथमिक निष्कर्ष असे आहेत की," सरांनी सुरुवात केली.

"नाही," अंशताई म्हणाली. "नाही मिळालं. अकरा भाजल्या, अकरा वाया गेल्या. भाजण्याचा आणि ह्याचा काही संबंध नाही. टिपणात लिहिलंय ते चूक आहे, आणि ती चूक माझी आहे."

खोलीत अशी शांतता झाली की पडद्यावरच्या घोड्यांना आवाज नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

"मग ही कसली प्लेट आहे?" घड्याळवाल्याने विचारलं.

"प्लेट नाही. शिवणाची पट्टी आहे. आमच्या पॉलिशकाकांच्या पत्नीची. हे शून्य ते दहा." तिने खिशातून कुपी काढून टेबलावर ठेवली, तिच्यात नारिंगी पाणी होतं. "हे दहा ते बारा. बारा ते तीस त्यांच्याकडे आहे, त्या पडदे शिवतात."

घड्याळवाल्याने कुपीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, टिपणाकडे पाहिलं. "मला कळलं नाही," तो म्हणाला. "मग ह्यात वार्धक्य कोणाचं?"

मागून लेन्सवाला हसला, आणि त्याला ते खोकल्यात बुडवायला फार वेळ लागला.

अंशताईने रंगाच्या दाटीचं सगळं सांगितलं. बाईंनी तीन प्रश्न विचारले. दोहोंची उत्तरं तिला आली, तिसऱ्याला ती म्हणाली, "हे अजून कळलेलं नाही." बाईंनी ते लिहून घेतलं. मग चष्म्यावरून तिच्याकडे बघत विचारलं, "तुमच्या कोटाची एक बाही लांब का आहे?"

अंशताईने खाली पाहिलं. डावी बाही मनगटावर नीट बसली होती. उजवी दोन सेंटिमीटर पुढे येऊन तळहातावर टेकत होती. पट्टी बारापासून सुरू झाली होती, आणि काकूंनी सवयीने दहाच मिळवले होते.

"तोच पुरावा आहे," ती म्हणाली.

आता हिशेब. समितीने रिसीव्हर मंजूर केला आणि तिप्पट रंगाच्या चाळीस प्लेटा मागवायला सांगितल्या. सरांनी नवीन टिपण पाठवलं, 'नियंत्रित दाटी', त्यावर पहिलं नाव त्यांचंच, ज्येष्ठतेनुसार. लेन्सवाल्याला खुर्ची मिळाली नाही, पण त्याच्या माशीला जागा लागते म्हणून खिडकीजवळचं टेबल मिळालं. ते त्याला का मिळालं हे त्यालाही सांगता येत नाही. चूक सिद्धांत समितीपर्यंत गेला कसा, हा ठपका कोणाच्या तरी नावावर पडायला हवा होता, तो अंशताईच्या नावावर पडला. खरं बोलल्याबद्दल कौतुकाचं एक वाक्य त्यात होतं, त्याच्या खालच्या वाक्यात पुढचे अकरा महिने होते. रविवारी आईने विचारलं, "काय गं?" आणि ती म्हणाली, "रिसीव्हर झाला कायम."

काकांना उरलेल्या आठ महिन्यांसाठी वर्कशॉपमधून काढून फाटकावर बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या सह्या घ्यायला. चाळीस प्लेटा आल्या तेव्हा त्यांच्या कडा धुरकट होत्या आणि घासायला कोणी नव्हतं. आकडा चारशेवर अडला, आणि तो का अडला यावर सध्या बैठका चालू आहेत.

पट्टीचा तुकडा काकूंना परत द्यावा म्हणून अंशताईने अर्ज केला. भांडारपालांनी रजिस्टर उघडून दाखवलं. चार नंबरची प्लेट, आत आलेली. चार नंबरची प्लेट, कपाटात असलेली. फुटल्याची नोंद कुठेही नाही. शिवणाची पट्टी आत आल्याचीही नोंद नाही, मग जी आलीच नाही ती बाहेर कशी द्यायची? अर्ज परत आला.

तेव्हा भरलं कोणी? बारा सेंटिमीटर भरले काकूंनी, सोळा पडदे वर. अंशताई बाही आखूड करायला गेली तेव्हा त्या खडू हातात घेऊन उभ्या होत्या.

"दोन," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. "दोन म्हणजे बारा." पुन्हा थांबल्या. "नाही गं. थांब. चौदा."

दाराशी काका ती नवी कड कापडाने घासत बसले असते, पण पट्टी काकूंच्या हातात होती, म्हणून ते नुसतेच बसले होते.